मातेचे कुलनाम : राणी हॉ ह्वांग-ओक

मनुष्य जातो, त्याचे कुलनाम मागे उरते. बहुतेक समाजांत हे कुलनाम पित्याचे असते, आणि कोरिया देशातही तोच प्रघात आहे. तथापि तेथील एका प्रख्यात कुळाला आपले नाव मातेकडून लाभले असून, ती माता भारतवर्षातून आली अशी त्या कुळाची श्रद्धा आहे. त्या राणीचे हे अल्प चरित्र.

कोरियाच्या दक्षिण किनाऱ्यावर, आजच्या गिम्हे नगराच्या परिसरात, प्राचीन काळी नऊ सरदार नांदत होते. आख्यायिका अशी की, इ. स. ४२ मध्ये गुजी नामक टेकडीवर तांबड्या वस्त्रात गुंडाळलेली एक सुवर्णपेटी आकाशातून उतरली. तीत सोन्याची सहा अंडी होती व त्यांतून सहा बालके जन्मास आली. त्यांतील पहिला सुरो हा गाया राज्याचा राजा झाला. सोन्यातून जन्मला म्हणून त्याचे कुलनाम किम, म्हणजे सुवर्ण, असे पडले.

सरदारांनी आपल्या कन्यांपैकी एक वरावी अशी राजास विनंती केली. आपण ईश्वरी आज्ञेने आलो, राणीही तशीच येईल, असे सांगून त्याने ती नाकारली. पुढे इ. स. ४८ मध्ये तांबड्या शिडाचे एक जहाज किनाऱ्यास लागले. त्यात आयुता देशीची सोळा वर्षांची राजकन्या हॉ ह्वांग-ओक होती. परमेश्वराने स्वप्नात येऊन कन्येस सुरोकडे पाठविण्याची आज्ञा तिच्या मातापित्यांस केली होती. सरदार सामोरे गेले, परंतु अनोळखी माणसांबरोबर जाण्यास ती स्वाभिमानी कन्या तयार होईना. अखेर राजा स्वतः राजवाड्याबाहेर येऊन तंबू ठोकून तिची वाट पाहू लागला. तेव्हा वाटेतल्या टेकडीवर आपले रेशमी वस्त्र पर्वतदेवतेस अर्पण करून ती त्याच्याकडे गेली.

विवाहानंतर तिला आणणाऱ्या पंधरा नावाड्यांना राजाने प्रत्येकी दहा पोती तांदूळ व तीस ठाण कापड देऊन माघारी धाडले. राणी मात्र माहेरी परतली नाही.

कुलपरंपरा सांगते की, तिला दहा पुत्र झाले. परक्या भूमीत आपले कुलनाम आपल्याबरोबरच लोपणार याचे तिला दुःख होते. ते जाणून राजाने दोन पुत्रांना हॉ हे तिचे कुलनाम दिले. इतरांकडे किम हेच राहिले. जेथे पित्याचेच नाव चालावयाचे, तेथे राजाने पत्नीच्या माहेरचा असा मान राखला.

इ. स. १८९ मध्ये, वयाच्या १५७ व्या वर्षी, राणी निवर्तली असे लिहिलेले आहे. तिने प्रजेवर पोटच्या लेकरांप्रमाणे माया केली होती. तिचे उपकार विसरू नयेत म्हणून जेथे तिचे जहाज लागले व जेथे तिने वस्त्र अर्पण केले, त्या स्थळांना लोकांनी त्या प्रसंगांवरून नावे दिली. गिम्हे येथे आजही तिची समाधी असून, तिने आणला असे मानला जाणारा दगडी स्तूप तेथे जवळच आहे.

हा वृत्तांत इर्योन नामक बौद्ध भिक्षूने तेराव्या शतकातील सामगुक युसा या ग्रंथात, अकराव्या शतकातील एका लेखाच्या आधारे नोंदविला. म्हणजे घटना व लेखन यांत सुमारे एक सहस्र वर्षांचे अंतर आहे. आयुता म्हणजे अयोध्या असे अनेकजण मानतात, परंतु इतिहासकारांचे त्यावर एकमत नाही. तरीही २००१ मध्ये शरयूतीरी राणीचे स्मारक उभारले गेले, ते या श्रद्धेनेच.

कथेतील आकाशपेटी कोणी मानो वा न मानो, तिच्यातून निघालेले आप्तसंबंध मात्र खरे आहेत. २०१५ च्या जनगणनेत एकट्या गिम्हेच्या किम कुळाची संख्या चाळीस लाखांहून अधिक होती. हॉ कुळातील एका वंशजास चीनच्या तांग दरबारी यी हे कुलनाम मिळाले. इंचॉनचे यी ते हेच. कुलनामे तीन असली तरी किम, हॉ व यी ही तिन्ही कुळे एकाच मातापित्यांची संतती म्हणून परस्परांत विवाह न करण्याची रूढी चालत आली. आपल्याकडील सगोत्र विवाहाचा निषेध जाणणाऱ्यास हिचे मर्म सहज उमगेल. समान कुलनाम व समान मूळस्थान असलेल्यांच्या विवाहावरील कायदेशीर बंदी कोरियाच्या घटना न्यायालयाने १९९७ मध्ये घटनेशी विसंगत ठरविली, आणि २००५ मध्ये कायदाही बदलला.

राज्य म्हणावे तर गिम्हेचे गाया इ. स. ५३२ मध्ये सिल्ला राज्यात विलीन झाले. सिंहासन गेले, पण दोन मुलांना मिळालेले आईचे नाव आजही कोरियातील घराघरांतून उच्चारले जाते. आपल्या घरी आलेल्या सुनेच्या माहेरचा मान राखणे म्हणजे काय, ते या राजाराणीच्या कथेवरून शिकण्यासारखे आहे.