काट्याने दाखवलेली वाट

बारावीनंतर बायोलॉजी सुटली तेव्हा मी पेढे वाटले होते! त्यामुळे इल्या मेचनिकॉव्हवर मी लिहीन, आणि तेही मराठीत (कॉन्व्हेंटवाली आहे, सांभाळून घ्या!), असं कुणी म्हटलं असतं तर हसले असते. पण मागच्या सेमला दोन केटी लागल्या. हॉस्टेलच्या खोलीत नुसती पडून असायचे. तेव्हा रूममेटने आणलेलं त्याचं चरित्र हाती लागलं.

जन्म १८४५, आजच्या युक्रेनमधला. बुद्धी तल्लख, स्वभाव हळवा. १८७३ मध्ये पहिली बायको क्षयाने गेली. त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वाचला. काही वर्षांनी पुन्हा तेच. पुन्हा वाचला.

१८८२. ओडेसातली प्राध्यापकी सोडून स्वारी सिसिलीतल्या मेसिनाला. घरचे सर्कशीला गेलेले, हा एकटाच मायक्रोस्कोपला डोळा लावून. समोर स्टारफिशची अळी, काचेसारखी पारदर्शक, आणि तिच्यात फिरणाऱ्या पेशी. त्याला वाटलं, या पहारेकरी तर नसतील? बागेतून गुलाबाचे काटे आणले, अळीत टोचले. रात्रभर झोप नाही. सकाळी बघतो तर काट्याभोवती पेशींचा गराडा!

पेशी परक्याला गिळतात, हा त्याचा सिद्धांत. जर्मनीतले दिग्गज म्हणायचे, संरक्षण करतो तो रक्तातला द्रव. वाद वर्षानुवर्षं चालला. शेवटी १९०८ चं नोबेल त्याला आणि द्रवाच्या बाजूच्या पॉल एर्लिखला मिळून मिळालं. दोघंही बरोबर! १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेणारा हाफकिन हा त्याचाच ओडेसातला विद्यार्थी. मेचनिकॉव्ह १९१६ मध्ये पॅरिसला वारला.

पण पेशीला धोका कळतो कसा? एक खूण म्हणजे डीएनए. आपला डीएनए केंद्रकात असतो, थोडा मायटोकॉन्ड्रियात. तो बाहेर पेशीद्रवात सापडला की सीगॅस नावाचं प्रथिन त्याला चिकटतं, एक छोटा रेणू बनवतं, तो स्टिंग या दुसऱ्या प्रथिनाला जागं करतो आणि इंटरफेरॉनचा अलार्म वाजतो. डीएनए विषाणूचा की आपलाच, हे सीगॅस वाचत नाही. जागा चुकली एवढंच त्याला पुरतं. हे कळलं २०१३ च्या सुमारास. सेन्सर, सिग्नल, अलार्म... हे तर आमचं इन्स्ट्रुमेंटेशनच की!

दोनदा हरलेला हा माणूस तेव्हाच गेला असता तर तो काटा त्याच्या हातून टोचायचा राहिलाच असता. माझे दोन पेपर पुढच्या महिन्यात आहेत. देणार आहे.