डॉ. विल्यम कॅरी : अपयशाच्या शाळेतील विद्यार्थी

शब्बाथशाळेत डॉ. विल्यम कॅरी यांचे चरित्र सांगताना आम्ही बहुधा त्यांच्या यशाची यादीच मुलांपुढे ठेवतो. अनेक भाषांत पवित्र शास्त्राचे भाषांतर, बंगालमधील श्रीरामपूरचा छापखाना, तेथील कॉलेज, सतीच्या चालीविरुद्ध केलेली खटपट. हे सारे खरे आहे. परंतु एवढेच ऐकलेले मूल अशी समजूत घेऊन घरी जाते की, ही माणसे निराळ्याच मातीची असतात. म्हणून या वेळी त्यांच्या अपयशाकडे पाहावे असे आम्हांस वाटते.

कॅरी यांचा जन्म १७ ऑगस्ट १७६१ रोजी इंग्लंडातील पॉलर्सपरी या खेड्यात झाला. वडील विणकर होते. पुढे ते गावच्या शाळेत मास्तर झाले. कातडीच्या विकारामुळे मुलाला उन्हातले काम सोसेना, म्हणून त्याला जोडे शिवण्याचा धंदा शिकावयास ठेवले. पुढे मोल्टन या गावी कॅरींनी शाळा चालविली, पण तिने पोट भरेना आणि पुन्हा जोडे शिवावे लागले. १७८५ साली ओल्नी येथील मंडळीपुढे त्यांनी उपदेश करून दाखविला, तेव्हा मंडळीने त्यांना लगेच मान्यता दिली नाही. आणखी काही काळ उपदेश ऐकून मगच, पुढच्या वर्षी, ती दिली. आमच्या नवशिक्या उपदेशकांनी हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे बॅप्टिस्ट मिशनरी सोसायटी स्थापन झाली. त्या दिवशी वर्गणीचे वचन मिळाले ते अवघे १३ पौंड, २ शिलिंग, ६ पेन्स. पुढच्या वर्षी कॅरी हिंदुस्थानास निघाले, तो ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना नाही म्हणून त्यांना जहाजावरून उतरावे लागले. दुसरे, डॅनिश जहाज मिळून नोव्हेंबर १७९३ मध्ये ते बंगालला पोहोचले. थोड्याच दिवसांत जवळचा पैसा संपला. सुंदरबनात झोपडी बांधून राहावे लागले. १७९४ साली मदनावती येथील निळीच्या कारखान्यात नोकरी मिळाली, तर त्याच वर्षी पाच वर्षांचा मुलगा पीटर हगवणीने गेला. त्याला पुरण्याच्या कामी हात लावणारी माणसेही सहज मिळेनात.

या दुःखाने पत्नी डोरोथी यांच्या मनाचा तोल गेला, तो १८०७ साली त्यांचा अंत होईपर्यंत सावरला नाही. त्या मुळात हिंदुस्थानास येण्यास राजी नव्हत्या. येथे आम्ही थोडे थांबले पाहिजे. हे दुःख पुढे यशात बदलले असे म्हणणे खरे होणार नाही. सेवकाच्या कामाची किंमत पुष्कळदा त्याच्या घरची माणसे मोजतात, आणि चरित्र लिहिताना त्यांचे नाव गाळले जाते. मुलांना कॅरींची गोष्ट सांगताना डोरोथीबाईंचे नाव अवश्य सांगावे.

१८०० सालच्या आरंभी कॅरी श्रीरामपूरला आले. मार्शमन आणि वॉर्ड हे सोबती त्यांना मिळाले. वॉर्ड छपाईचे काम जाणणारे होते. जे एकट्याला साधले नाही, ते तिघांच्या मेळाने साधू लागले. हिंदुस्थानात पाऊल ठेवल्यापासून सात वर्षे लोटली तरी एकाही हिंदू मनुष्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. अखेर २८ डिसेंबर १८०० रोजी कृष्ण पाल या सुताराचा बाप्तिस्मा हुगळी नदीत झाला. निखळलेला हात बसवून घेण्याच्या निमित्ताने तो मिशनऱ्यांच्या जवळ आला होता.

१८०१ साली बंगाली नवा करार छापून निघाला. वर्षांच्या कष्टांचे ते फळ. पण भाषेत उणिवा होत्या. कॅरींनी तो पुन्हा हाती घेतला, पंडितांना विचारून सुधारला, आणि पुढील तीस वर्षांत त्याच्या आठ आवृत्त्या काढल्या. आपले छापलेले काम आपणच खोडण्याची त्यांना लाज वाटली नाही.

आम्हां मराठी लोकांना यात आणखी जवळची गोष्ट आहे. फोर्ट विल्यम कॉलेजात ते मराठीही शिकवीत. नागपूरकडील पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने त्यांनी १८०५ साली मराठी व्याकरण, १८१० साली शब्दकोश आणि १८११ साली मराठी नवा करार प्रसिद्ध केला. परंतु त्या नव्या कराराची भाषा मुंबई व कोकणाकडील लोकांना नीट उमजेना. तेव्हा मुंबईच्या अमेरिकन मिशनने नवे भाषांतर केले, ते १८२६ साली छापून झाले. कॅरींचा मराठी नवा करार मागे पडला. पण पहिले पाऊल कोणीतरी टाकावे लागते, तेव्हाच दुसऱ्याला वाट कोठे चुकते ते दिसते.

११ मार्च १८१२ च्या रात्री श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, अनेक हस्तलिखिते, बहुभाषी कोशाची टिपणे, सारे जळाले. कॅरी त्या वेळी कलकत्त्यास होते; दुसऱ्या दिवशी मार्शमन यांनी त्यांना बातमी सांगितली. छापयंत्रे मात्र वाचली होती. वितळलेल्या शिशातून पुन्हा टाइप ओतले गेले आणि काही आठवड्यांतच छपाई सुरू झाली. कॅरी पुन्हा भाषांतराला बसले. एकदा चाललेली वाट दुसऱ्यांदा अधिक खात्रीने चालता येते, या विश्वासाने त्यांनी ते केले. इंग्लंडातील मंडळ्यांनी थोड्याच काळात नुकसान भरून दिले.

९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचा अंत झाला. आपण चिकाटीने काम करू शकतो, याहून मोठा गुण ते स्वतःकडे घेत नसत.

रात्रभर जाळे टाकून रिकाम्या हातांनी परतलेल्या पेत्राला प्रभूने पुन्हा खोल पाण्यात पाठविले. आमच्या शब्बाथशाळेचा एखादा वर्ग ओस पडतो, एखादा उपदेश कोणाच्या मनास लागत नाही. अशा वेळी आम्ही दोन प्रश्न स्वतःस विचारावे : यात सुधारण्यासारखे काय आहे? आणि सोबतीला कोणास घ्यावे? उत्तर मिळाले की येत्या रविवारी पुन्हा वर्गात जाऊन उभे राहावे. प्रभू आम्हां सर्वांस तशी चिकाटी देवो.