काचपात्रातील हृदय : डॉ. अलेक्सिस कॅरेल

वार्धक्य का येते, हा प्रश्न मानवाइतकाच पुरातन आहे. ययातीने पुत्राचे तारुण्य मागून घेतले, ही कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्रश्न कथेतून प्रयोगशाळेत आणणाऱ्या संशोधकांत डॉ. अलेक्सिस कॅरेल यांचे नाव अग्रभागी येते. त्यांना मिळालेले उत्तर पुढे चुकीचे ठरले. तथापि त्यांच्या यशातून जितके शिकावे, तितकेच त्यांच्या चुकीतूनही शिकण्यासारखे आहे.

कॅरेल यांचा जन्म २८ जून १८७३ रोजी फ्रान्समधील लिआँ शहरानजीक झाला. वडील कापडाचे व्यापारी होते. परंतु अलेक्सिस लहान असतानाच ते निवर्तले आणि मुलांचा सांभाळ मातेने केला. लिआँ हे रेशमी वस्त्रांचे नगर होय. याच नगरात १८९४ साली फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष सादी कार्नो यांच्यावर एका मारेकऱ्याने सुऱ्याने वार केला. यकृताकडे रक्त नेणारी मोठी नीला तुटली होती आणि तुटलेली रक्तवाहिनी सांधण्याची विद्या त्या काळी कोणाही शल्यवैद्याजवळ नव्हती. राष्ट्राध्यक्षांचे प्राण गेले. वैद्यकाचा अभ्यास करणाऱ्या जवळजवळ एकवीस वर्षांच्या कॅरेल यांच्या मनाला ही असहायता बोचली. वस्त्र शिवता येते, मग रक्तवाहिनी का शिवता येऊ नये?

मग या तरुण वैद्याने काय करावे? लिआँमधील एका निष्णात कशिदा काढणाऱ्या बाईंकडे जाऊन त्यांनी सुईकामाचे धडे घेतले! अत्यंत बारीक सुया आणि रेशमी धागा घेऊन त्यांनी हाताला वळण लावले. रक्तवाहिनीचे तोंड गोल असते. कडेवरून टाके घालताना ते आत दुमडते. कॅरेल यांनी कडेला तीन ठिकाणी टाके घालून ते ताणून धरले. वर्तुळाचा त्रिकोण झाला आणि सरळ रेषेत शिवणे सुलभ झाले. १९०२ साली त्यांनी ही पद्धत प्रसिद्ध केली. १९०४ मध्ये ते अमेरिका खंडात गेले आणि १९०६ पासून न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत कार्य करू लागले. रक्तवाहिन्या सांधणे व अवयवांचे रोपण या संशोधनासाठी १९१२ सालचे नोबेल पारितोषिक त्यांना प्राप्त झाले. अमेरिकेत कार्य करणाऱ्या संशोधकास वैद्यकाचे हे पारितोषिक मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग होता.

त्याच वर्षी, १७ जानेवारी १९१२ रोजी, त्यांनी कोंबडीच्या गर्भातील हृदयाचा एक सूक्ष्म तुकडा काचपात्रात ठेवला. शरीराबाहेर ऊतक वाढविण्याचा मार्ग रॉस हॅरिसन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९०७ मध्ये बेडकाच्या चेतातंतूंवर प्रयोग करून दाखविला होता. कॅरेल यांनी त्या तुकड्यास रक्तद्रव व गर्भाचा अर्क यांचे पोषण दिले. आरंभी काही काळ तो स्पंदन पावत होता. पुढे स्पंदन थांबले, पण संयोजी पेशी वाढतच राहिल्या. अल्बर्ट एबेलिंग या सहकाऱ्याने त्यांची निगा राखली. वर्षांमागून वर्षे लोटली, वर्तमानपत्रे त्या हृदयाचा वाढदिवस साजरा करू लागली. १९४६ साली तो प्रयोग थांबविण्यात आला, तेव्हा चौतीस वर्षे झाली होती. यावरून असा सिद्धांत रूढ झाला, की पेशी स्वभावतः अमर आहे. वार्धक्य हा पेशीचा नव्हे, तर सबंध देहाचा दोष आहे.

मधल्या काळात पहिले महायुद्ध झाले. त्या युद्धात हेन्री डेकिन यांच्या सहकार्याने कॅरेल यांनी जखमा निर्जंतुक करण्याची पद्धत सिद्ध केली. पुढे वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग यांच्यासमवेत, शरीराबाहेर काढलेले अवयव जिवंत ठेवणारे यंत्रही १९३५ मध्ये त्यांनी जगापुढे मांडले. परंतु त्याच वर्षीच्या आपल्या ग्रंथात, गंभीर गुन्हेगारांना आणि गुन्हा करणाऱ्या मनोरुग्णांनाही विषारी वायूने ठार करावे, असा निर्दय विचार त्यांनी मांडला. जखमी सैनिकांना वाचविणाऱ्या हातांनी असे लिहावे, हे खेदजनक होय. नाझी जर्मनीशी सहकार्य करणाऱ्या व्हिशी सरकारच्या आश्रयाने त्यांनी १९४१ मध्ये एक संस्था चालविली. पॅरिस मुक्त झाल्यावर देशद्रोहाच्या संशयाची छाया त्यांच्यावर पडली आणि ५ नोव्हेंबर १९४४ रोजी त्यांचे निधन झाले.

आता त्या अमर हृदयाची गोष्ट ऐका. इतर प्रयोगशाळांतील पेशी काही काळाने मरत. परंतु नोबेल विजेत्याचे म्हणणे खोटे कसे असेल, असे समजून संशोधक आपल्याच हाताला दोष देत. १९६१ साली फिलाडेल्फियातील लेनर्ड हेफ्लिक व पॉल मूरहेड यांनी दाखवून दिले, की मानवाच्या सामान्य पेशी सुमारे पन्नास वेळा विभागतात आणि मग थांबतात. त्यांचा निबंध एका नामांकित नियतकालिकाने प्रथम परत केला होता! कॅरेल यांच्या काचपात्रात गर्भाच्या अर्काबरोबर नव्या जिवंत पेशी जात असाव्यात, असे हेफ्लिक यांनी सुचविले.

आज हृदयाचे वार्धक्य अभ्यासण्यासाठी तरुण संशोधक पुन्हा काचपात्राकडेच वळले आहेत. जपानचे शिन्या यामानाका यांनी त्वचेच्या पेशींना मूलपेशींचे रूप देण्याची युक्ती शोधली. त्यांना २०१२ साली, म्हणजे कॅरेल यांच्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, नोबेल मिळाले. अशा पेशींपासून धडधडणारे हृदयऊतक घडविता येते. अडचण मात्र उलटी आहे. हे ऊतक गर्भातील हृदयासारखे कोवळे असते. वृद्ध हृदय समजून घ्यावयाचे, तर त्यास आधी प्रौढ करावे लागते. जेथे कॅरेल यांना अमरत्व दिसले, तेथे आजचे संशोधक जरेची वाट शोधीत आहेत.

विद्यार्थी मित्रांनो, कॅरेल यांच्याकडून सुईचा धडा घ्यावा : विद्या कोणाकडेही असो, नम्रपणे शिकावी. आणि त्यांच्या हृदयाकडून दुसरा धडा घ्यावा : वक्ता कितीही थोर असो, आपल्या डोळ्यांना प्रयोगात जे वारंवार दिसते, ते सांगण्यास कचरू नये.