परक्या लेकरांचे पालक: फादर ब्रायन वॉल्श

फादर ब्रायन वॉल्श यांचा जन्म १९३० साली आयर्लंडमध्ये झाला. १९५४ साली अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात सेवा करण्यासाठी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. पुढे मायामी शहरातील कॅथोलिक वेल्फेअर ब्युरो या ख्रिस्तसभेच्या सेवासंस्थेचे ते संचालक झाले.

शेजारच्या क्युबा देशात १९५९ साली फिडेल कॅस्ट्रो सत्तेवर आले होते. नोव्हेंबर १९६० मध्ये पेद्रो नावाच्या पंधरा वर्षांच्या क्युबन मुलाला फादरांकडे आणण्यात आले. आईवडील क्युबातच राहिले होते आणि तो एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होता. अशी आणखी मुले येतील, हे फादरांनी ओळखले.

तसेच झाले. सरकार मुलांवरचा आईवडिलांचा हक्क काढून घेणार, अशी अफवा क्युबात पसरली. सरकारने ती नाकारली, पण भीती गेली नाही. १९६१ साली कॅथोलिक शाळाही सरकारजमा झाल्या. सगळ्या कुटुंबाला एकदम निघता येईना, म्हणून आईवडिलांनी काळजावर दगड ठेवून मुलांना पुढे पाठवले. हवाना विमानतळावर काचेच्या खोलीत मुले, तर काचेपलीकडे आईवडील, असा निरोप होई.

२६ डिसेंबर १९६० रोजी पहिली दोन भावंडे मायामीत उतरली. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्षेपणास्त्रांच्या वादामुळे विमाने बंद झाली, तोवर १४,०४८ मुले आली होती. सुमारे निम्म्यांना नातलगांनी घरी नेले. उरलेल्यांचा भार तिशीतल्या ह्या धर्मगुरूवर पडला. त्यांनी मुलांसाठी छावण्या उघडल्या, अनेक राज्यांत कुटुंबे व वसतिगृहे शोधली. मायामीतील एका वसतिगृहात ते स्वतः मुलांसोबत राहिले.

सगळे सुरळीत झाले नाही. काही मुले आपली भाषा विसरली. काही ठिकाणी मारहाण व अत्याचार झाल्याचे काहींनी मोठेपणी सांगितले. काही महिन्यांची ताटातूट अनेकांसाठी वर्षांची झाली, काहींची तर कायमची.

पण एका गोष्टीवर फादर ठाम होते: ही मुले अनाथ नाहीत, त्यांना आईवडील आहेत. म्हणून त्यांना दत्तक दिले गेले नाही. डिसेंबर १९६५ पासून क्युबातून पुन्हा विमाने सुरू झाली. त्यात मुलांच्या आईवडिलांना प्राधान्य मिळाले आणि संस्थेकडे उरलेल्या बहुतेक मुलांची कुटुंबे पुन्हा एकत्र आली.

पुढे मॉन्सिन्योर झालेल्या फादरांनी निर्वासितांची सेवा चालूच ठेवली. २० डिसेंबर २००१ रोजी ते देवाघरी गेले.

पवित्र कुटुंब इजिप्तला पळाले तेव्हा बाळ येशूजवळ त्याची आई होती, सांभाळायला संत योसेफ होते. ह्या मुलांजवळ त्या वेळी कोणी नव्हते. फादर वॉल्श यांनी योसेफासारखे दुसऱ्याचे लेकरू आपले म्हणून सांभाळले, पण त्यावर हक्क सांगितला नाही. आजही युद्धामुळे व गरिबीमुळे आईवडिलांपासून दुरावलेली मुले जगात आहेत. आज संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत त्यांची आठवण करू या.