गायनाचार्य पंडित विष्णु दिगंबर पलुसकर

शाळेस गायनाची खोली, वाद्यें व रंगमंच असावा कीं नाहीं, आणि असल्यास त्याचा खर्च कोणीं सोसावा, हा प्रश्न आपल्यांत वारंवार निघतो. ज्युबिलीच्या या पुस्तिकेंत त्याच प्रश्नाशीं उभा जन्म झुंजलेल्या एका पुरुषाचें चरित्र सादर करितों. ते आपल्या धर्माचे नव्हते. परंतु नाशिकची जी गोदावरी आपल्या कोपरगांवावरून पुढें वाहते, तिच्याच कांठीं त्यांनीं उतारवयांत आश्रम स्थापिला, म्हणून ते आपले शेजारीच होत.

पंडित विष्णु दिगंबर यांचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजीं कुरुंदवाड येथें झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार. लहानपणीं दत्तजयंतीच्या उत्सवांत शोभेच्या दारूचा भडका उडून विष्णूचे डोळे अधू झाले व शिक्षणाची वाट खुंटली. तेव्हां मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यापाशीं त्यास गाणें शिकण्यास ठेविलें. मिरजेच्या अधिपतींचा त्याला आश्रय होता. पण त्या काळीं गवई कितीहि थोर असला तरी प्रतिष्ठितांच्या पंक्तींत त्यास स्थान नसे, आणि कुलीन घरांतील मुलानें गाणें शिकावें हें तर लाजिरवाणें गणलें जाई. गुरूंच्या वांट्यास आलेली उपेक्षा शिष्यास सहन झाली नाहीं, असें सांगतात. १८९६ सालीं त्यांनीं मिरज सोडली.

बडोदें, ग्वाल्हेर अशीं संस्थानें पाहात ते उत्तरेकडे गेले. वाटेंत सौराष्ट्रांत त्यांनीं एक धाडसाची गोष्ट केली. राजवाड्यांत न गातां सर्व लोकांसाठीं तिकीट लावून जलसा केला. आज आपणांस यांत नवल वाटत नाहीं. परंतु गाणें राजाच्या मर्जीवर न जगतां चार सामान्य माणसांच्या पैशावर जगूं शकतें, हें त्या दिवशीं सिद्ध झालें.

५ मे १९०१ रोजीं लाहोर येथें त्यांनीं गांधर्व महाविद्यालय उघडिलें. मुलूख परका, भाषा परकी. आरंभीं विद्यार्थीच येईनात, तेव्हां गुरुजी एकटेच तंबोरा लावून वर्गांत गात बसत. अशांतच वडील निवर्तल्याची वार्ता आली, तरी ते शाळा सोडून गेले नाहींत. घरदार मागें ठेवून सेमिनरीची पायरी चढलेल्या आम्हां लोकांस या प्रसंगाची किंमत निराळी कळते.

हळूहळू शाळा भरली. शाळेचा खर्च देणग्या व जलशांच्या उत्पन्नांतून भागे. गाणें शिकविण्याचें व्रत घेणाऱ्या तरुणांस नऊ वर्षें ठेवून घेऊन त्यांच्या अन्नवस्त्राचा भार गुरुजी स्वतः वाहात. गाणें कागदावर उतरविण्यासाठीं त्यांनीं स्वरलेखनपद्धति रचिली व क्रमिक पुस्तकें छापिलीं. घराण्याची विद्या गुप्त राखणाऱ्या जुन्या उस्तादांस तें रुचणारें नव्हतें. आम्हीं सेमिनरींत मिस्साचें गायन लिखित स्वरांवरूनच शिकलों. तेव्हां लिहिल्यानें गाणें मरतें हें म्हणणें मला कधींच पटलें नाहीं. तथापि गुरूवांचून नुसत्या पुस्तकानेंहि तें येत नाहीं, हें खरें.

१९०८ सालीं विद्यालय मुंबईस निघालें. तेथें स्वतःची इमारत असावी, वर्गाच्या खोल्या, सभागृह, विद्यार्थ्यांस राहण्याची जागा असावी, असा गुरुजींचा ध्यास. इमारत उभी राहिली. पण ती बऱ्याच अंशीं कर्जावर. वर्गणीदार शंभर असले तर दहा मागें सरले तरी काम अडत नाहीं. येथें फेडीचा भार एका माणसाच्या कंठावर होता. तो माणूस गांवोगांव जलसे करीत हिंडत होता, आणि त्याचें चित्त तर दिवसेंदिवस रामनामाकडे वळत चाललें होतें. भगवीं वस्त्रें परिधान केलेला गायक सावकारास कोठवर तोंड देणार? १९२४ सालीं इमारत जप्त होऊन लिलांवांत गेली. माझ्या मतें दोष त्यांच्या स्वप्नाचा नव्हता. मुंबईसारख्या धनाढ्य शहरानें तें वेळीं वांटून घेतलें नाहीं, ही खंत मात्र वाटते.

यापूर्वींच, १९२२ मध्यें, नाशिक येथें त्यांनीं रामनाम आधाराश्रम स्थापिला होता. तेथेंहि शिष्य होते, भजन होतें, शिकविणें होतें. राष्ट्रसभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ सालीं काकिनाड्यास अध्यक्षांनीं गाण्यास हरकत घेतली, तरी त्यांनीं तें पुरें गाऊनच सोडिलें.

२१ ऑगस्ट १९३१ रोजीं मिरजेस त्यांचा अंत झाला. अनेक अपत्यांपैकीं दत्तात्रेय हा एकच पुत्र वांचला होता. तो तेव्हां दहा वर्षांचा होता. त्यास विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास या शिष्यांनीं घडविलें, आणि पुढें तो स्वतः नामांकित गायक झाला. शिष्यांनीं त्याच वर्षीं गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिलें. लगेच १९३२ सालीं विनायकरावांनीं पुण्यास विद्यालय काढिलें. मंडळाच्या परीक्षा आज देशभर होतात, व लहान गांवचीं मुलेंहि त्यांस बसतात.