पियानोच्या कारखान्याच्या तळघरात जगातला गाजलेला फ्लाइट सिम्युलेटर बनला, पण तो घेतला जत्रेवाल्यांनी

घरी कॉम्प्युटरवर विमान उडवणाऱ्यांचा नाद वेगळाच असतो. एखाद्या कंपनीनं नवीन एअरलायनर आणतोय असं जाहीर केलं की यांची झोप उडते. पीएमडीजी कंपनीचं बोइंग ७७७ मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी २०२४ मध्ये आलं. त्याआधी लोकांनी त्याची वर्षानुवर्षं वाट बघितली होती. कॉकपिटचा एक फोटो आला तरी झूम करून बटणं मोजायची, ऑटोपायलट खऱ्यासारखा वागेल का, इंजिन बंद पडलं तर विमान कसं झुकेल यावर रात्र रात्र वाद घालायचे.

आणि घरचे विचारतात, गेमसाठी एवढं काय?

साधारण ९५ वर्षांपूर्वी एका माणसाला नेमकं हेच ऐकावं लागलं होतं. त्याचं नाव एडविन लिंक. आज जगभरातले पायलट ज्या सिम्युलेटरवर शिकतात, त्याचा पाया या माणसानं घातला.

एडविनचा जन्म २६ जुलै १९०४ चा. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात हंटिंग्टन नावाचं गाव आहे, तिथला. तो लहान असतानाच वडिलांनी न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन शहरात एक दिवाळखोरीत निघालेली कंपनी विकत घेतली आणि घरदार तिकडं हललं. ही कंपनी आपोआप वाजणारी वाद्यं बनवायची. पियानोत भोकं पाडलेला कागदाचा रोल बसवायचा. तो फिरला की भोकांतून हवा आत ओढली जायची आणि त्या त्या पट्ट्या वाजायच्या. मूकपटांच्या थिएटरमध्ये लागणारे मोठे ऑर्गनही इथंच तयार व्हायचे.

आपल्या बाजाच्या पेटीला जसा भाता असतो, तसे या वाद्यांनाही भाते असायचे. पोरगा हे भाते, पंप आणि व्हॉल्व्ह दुरुस्त करतच मोठा झाला.

१९२० साली, सोळाव्या वर्षी, त्यानं लॉस एंजेलिसमध्ये विमान शिकण्याचा पहिला धडा घेतला. शाळा होती चार्ली चॅप्लिनचा भाऊ सिडनी चॅप्लिन याची आणि फी ५० डॉलर. शिकवणाऱ्यानं जवळपास तासभर त्याला आकाशात गरागरा फिरवलं, कोलांट्या मारल्या आणि खाली उतरवलं. एडविनला एकदाही दांड्याला हात लावायला मिळाला नाही.

तेव्हा विमान शिकण्याची पद्धतच तशी होती. पैसे भरायचे, मागं बसायचं आणि हळूहळू अंदाज घ्यायचा. चूक झाली तर विमान जायचं आणि त्याच्याबरोबर माणूसही. पैसेवाले आणि जिवावर उदार झालेले सोडले तर बाकीच्यांनी या वाटेला जायचंच नाही, असा मामला.

एडविन तरीही पायलट झाला. लोकांना चकरा मारून आणायच्या, भाड्यानं उड्डाणं करायची, शिकवण्या घ्यायच्या, असं करून पोट भरू लागला. पण पहिल्या धड्याचे ५० डॉलर डोक्यातून जात नव्हते. जमिनीवरच शिकता आलं तर?

मग तो वडिलांच्या कारखान्याच्या तळघरात शिरला. दीड वर्ष खपून त्यानं लाकडाचं एक छोटंसं, बुटकं विमान बनवलं आणि ते ऑर्गनच्या भात्यांवर बसवलं. दांडा मागं ओढला की व्हॉल्व्ह उघडायचे, एका बाजूच्या भात्यातली हवा खेचली जायची, दुसरा भाता फुगायचा आणि विमानाचं नाक वर जायचं. दांडा बाजूला झुकवला की पंख झुकायचे. पायातलं पेडल दाबलं की सगळा डबा मोटरवर गोल वळायचा.

असे प्रयोग त्याआधी झालेच नव्हते असं नाही. फ्रान्समध्ये १९१० च्या आसपास अर्ध्या पिंपात बसवून शिकवायचे आणि ते पिंप माणसं हातानं हलवायची. लिंकच्या यंत्रात मात्र शिकणाऱ्याच्या हालचालीला यंत्र स्वतः उत्तर द्यायचं. १९२९ मध्ये त्यानं पेटंटसाठी अर्ज केला.

आता गिऱ्हाईक कोण? विमान शाळांनी बघितलं आणि खेळणं म्हणून सोडून दिलं. घेतलं ते जत्रेसारख्या करमणुकीच्या पार्कवाल्यांनी. नाणं टाका, विमान उडवा. त्यात जागतिक मंदी आली. लिंकनं स्वतःचीच विमान शाळा काढली आणि या डब्यावर पोरांना शिकवलं. पैशांसाठी विमानाच्या पंखाखाली दिव्यांची पाटी लावून रात्री जाहिराती फिरवल्या. ते दिवे चालू-बंद करायला वापरला पियानोचाच भोकांचा रोल. १९३१ मध्ये त्यानं मॅरियन क्लेटन या पत्रकार तरुणीशी लग्न केलं.

मग आलं १९३४ साल. फेब्रुवारीत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी खासगी विमान कंपन्यांची टपालाची कंत्राटं रद्द केली आणि ते काम लष्कराच्या पायलटांवर टाकलं. कडाक्याचा हिवाळा, बर्फ, धुकं. या पायलटांना नुसत्या काट्यांकडं बघून विमान चालवायचा फारसा सराव नव्हता.

ढगात शिरल्यावर बाहेरचं काही दिसत नाही, तेव्हा माणसाचं शरीर त्याला फसवतं. कानाच्या आत तोल सांभाळणारी जी यंत्रणा असते, तिला एकाच वेगानं चाललेलं वळण थोड्या वेळानं कळेनासं होतं. पायलटला वाटतं आपण सरळ चाललोय, प्रत्यक्षात विमान गोल फिरत खाली निघालेलं असतं. यावर उपाय एकच, शरीर काय सांगतंय ते सोडून समोरच्या काट्यांवर विश्वास ठेवायचा. हे वाचून जमत नाही, सरावच लागतो.

काही आठवड्यांतच डझनभर पायलट मेले. आता लष्कराला लिंकचा डबा आठवला.

नेवार्कच्या विमानतळावर अधिकारी त्याची वाट बघत होते. धुकं इतकं दाट की आज कोणी येत नाही असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. तेवढ्यात आवाज आला आणि बिंगहॅम्टनहून निघालेला लिंक धुक्यातून खाली उतरला. जे तो शिकवतो म्हणत होता, ते त्यानं करून दाखवलं होतं. लष्करानं ६ यंत्रांची ऑर्डर दिली. एकाची किंमत ३,५०० डॉलर.

दुसऱ्या महायुद्धात हा डबा ‘ब्लू बॉक्स’ म्हणून ओळखला गेला. निळं अंग, पिवळे पंख. विद्यार्थी आत बसला की वरून झाकण बंद. बाहेर टेबलावर शिक्षक. एक तीन चाकांचं छोटं यंत्र काचेखालच्या नकाशावर त्याचा मार्ग काढत जायचं, म्हणजे पोरगा कुठं भरकटला ते शाईत दिसायचं. अशी १० हजारांच्या वर यंत्रं बनली आणि त्यांवर ५ लाखांहून जास्त जण शिकले, असं सांगतात. आत बसून डोंगरावर आदळलेला विद्यार्थी झाकण उघडून बाहेर यायचा आणि जेवायला जायचा.

१९५४ मध्ये लिंकनं कंपनी विकली. त्याच कंपनीच्या नावाखाली पुढं अपोलोच्या अंतराळवीरांसाठीही सिम्युलेटर बनले.

लिंक स्वतः मात्र समुद्राकडं वळला. माणसानं पाण्याखाली जास्त वेळ कसं राहायचं, हा त्याचा नवा ध्यास. १९६२ मध्ये, ५८ व्या वर्षी, तो स्वतः फ्रान्सजवळच्या समुद्रात ६० फुटांवर एका नळकांड्यात ८ तास राहिला. पुढं ‘जॉन्सन सी लिंक’ ही छोटी पाणबुडी त्याच्या हातून घडली.

१७ जून १९७३ ला फ्लोरिडाजवळ एका बुडवलेल्या जहाजाच्या सांगाड्यात ही पाणबुडी अडकली. आत चौघं होते. वर काढायला एक दिवसाहून जास्त वेळ गेला. मागच्या ॲल्युमिनियमच्या कप्प्यात थंडी शिरली आणि कार्बन डायऑक्साइड शोषणारं रसायन थंडीनं नीट काम करेना. त्या कप्प्यातले दोघं गेले. त्यातला एक ३१ वर्षांचा क्लेटन, लिंकचा मुलगा.

ज्यानं लाखो लोकांना जीव न गमावता चुकायची सोय करून दिली, त्याच्या पोराला तशी दुसरी संधी मिळाली नाही. लिंक घरी बसला नाही. अडकलेल्या पाणबुडीपर्यंत केबलनं सोडता येईल असं कॅमेऱ्याचं बचाव यंत्र बनवायला त्यानं घेतलं. ७ सप्टेंबर १९८१ ला बिंगहॅम्टनमध्ये त्याचं निधन झालं. पुढच्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचा पहिला फ्लाइट सिम्युलेटर बाजारात आला.

आज सर्वांत वरच्या दर्जाचे सिम्युलेटर इतके खरे आहेत की अनेक देशांत अनुभवी पायलट त्यावर नवं विमान शिकतो आणि खऱ्या विमानात पहिल्यांदा बसतो तो प्रवासी घेऊनच, शेजारी प्रशिक्षक असतो एवढंच. घरच्या कॉम्प्युटरवर ७७७ उडवून कोणी पायलट होत नाही. पण रात्री दोन वाजता मुद्दाम एक इंजिन बंद करून, विमान आपटून, परत पहिल्यापासून टेकऑफ करणारा पोरगा जे करतोय, ते लिंकला लगेच ओळखू आलं असतं.