विश्लेषण : भिंत ओलांडणारे वाय-फाय आणि जगदीशचंद्र बोस

कळंबमध्ये घराच्या ओट्यावर लॅपटॉप उघडला, तरी यादीत शेजारच्या वाय-फायचे नाव दिसते. कारण रेडिओलहरी भिंतीपाशी थांबत नाहीत. कोलकात्यात हे जाहीरपणे दाखवून दिले ते जगदीशचंद्र बोस यांनी.

कोण होते बोस?

जन्म 30 नोव्हेंबर 1858, आजच्या बांगलादेशातील मैमनसिंग येथे. केंब्रिजमध्ये शिकून 1885 मध्ये ते कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय म्हणून त्यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी पगार देऊ केला गेला. त्यांनी तो तीन वर्षे घेतलाच नाही. शिकवणे मात्र सुरू ठेवले. अखेर सरकारला थकबाकीसह पूर्ण पगार द्यावा लागला.

त्यांनी काय दाखवले?

1895 मध्ये टाऊन हॉलमध्ये त्यांनी तारेविना, भिंतीपलीकडून घंटा वाजवली आणि बंदुकीची दारू पेटवली. पुढे त्यांनी 5 मिलिमीटर इतक्या आखूड लहरींवरही प्रयोग केले. आज याच 60 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात वेगवान वाय-फायचा एक प्रकार चालतो. शोधातून पैसा कमावण्यास ते नाखूश होते. स्नेह्यांच्या आग्रहामुळे 1904 मध्ये त्यांच्या नावे अमेरिकेत एक पेटंट नोंदले गेले. 1917 मध्ये त्यांनी कोलकात्यात बोस संस्था स्थापन केली. 23 नोव्हेंबर 1937 रोजी गिरिडीह येथे त्यांचे निधन झाले.

मग वाय-फाय सुरक्षित कसे?

लहर कुंपण जाणत नाही, म्हणून कुलूप संदेशालाच लावावे लागते. राउटर सेकंदाला साधारण दहा वेळा आपले नाव हवेत सांगतो. लॅपटॉप जोडला जाताना पासवर्ड हवेतून जात नाही. तो माहीत असल्याचे दोन्ही बाजू गणिताने पटवून देतात. त्यातून त्या जोडणीपुरती किल्ली तयार होते आणि पुढचा मजकूर तिनेच सांकेतिक होतो.

लॅपटॉप घेऊन फिरलो तर?

कॉलेज किंवा कार्यालयात अनेक ॲक्सेस पॉइंट एकच नाव वापरतात. चालताना सिग्नल क्षीण झाला, की लॅपटॉप जवळचा पॉइंट निवडतो आणि तिथे नवी किल्ली तयार होते.

घरी काय कराल?

राउटरमध्ये डब्ल्यूपीए-3, ते नसल्यास डब्ल्यूपीए-2 निवडा. लांब पासवर्ड ठेवा. राउटरसोबत आलेला मूळ पासवर्ड बदला. पासवर्ड नसलेल्या वाय-फायवर बँकेचे व्यवहार टाळा. भिंत लहरींना अडवणार नाही, हे बोस यांनी केव्हाच दाखवून दिले आहे.